कडता

सास्कटूनच्या ग्रंथालयात, बुधवारी दोन ते चार,
मी म्हाताऱ्यांना संगणक शिकवते.
ओरेस्ट पिद्हिर्नी टोपी मांडीवर घेऊन बसतात
आणि माउस असा दाबून धरतात,
की सोडला तर पळेल.

त्यांना तारा हव्यात.
बापाने बनवलेली सिंबाली आहे घरात,
लाकडी हातोड्यांनी वाजवायचं पसरट वाद्य,
शंभरावर तारा, त्यातल्या बावीस गंजलेल्या.
एक परवाच्या लग्नात तुटली
आणि नवरीच्या मामाच्या कानाजवळून सूं करत गेली.
तसल्या तारा आता फक्त जर्मनीत मिळतात,
अशा एका गावात, ज्याचं नाव
आम्हा दोघांनाही उच्चारता येत नाही.

एकशे साठ युरो.
पडद्यावर एक चौकट उघडते, अगदी अदबीने:
तुमच्या सोयीसाठी डॉलरमध्ये भरता का?
दोनशे चौपन्न.
ओरेस्ट खूश होतात. बघ, आपली भाषा बोलतो!
मी म्हणते, थांबा.
कागदावर आजचा भाव मांडते: दोनशे चाळीस होतात.
जो दारात येऊन आपल्या भाषेत बोलतो ना, काका,
त्याच्या बोलण्याचे चौदा डॉलर.
युरोच निवडा. परकं राहू दे.

मग बँकेचं जुनं पत्रक काढतो.
परकी खरेदी, अडीच टक्के. म्हणजे आणखी सहा.
ते चष्मा कपाळावर सरकवतात.
अडीच कशाचे?
पैसे बदलण्याचे.
बदलले तर त्यांच्या यंत्राने.
हो.

बराच वेळ ते काही बोलत नाहीत.
मग विचारतात, मी काय काम करायचो माहीत आहे?
वाकॉच्या एलेव्हेटरवर एकतीस वर्षं काटा सांभाळला.
गाडी यायची, मूठभर गहू चाळणीत घ्यायचो,
तण, भुसा, काडी, मातीचा खडा,
जेवढं खाली पडेल तेवढा कडता.
तो कापायलाच हवा, त्यात वाईट काही नाही.
पण माझ्या पैशात कसलं तण आहे, सांग?
कुठल्या चाळणीतून काय पडलं खाली?

मला उत्तर येत नाही.
मी शून्य टक्क्याच्या कार्डाचा अर्ज उघडते.
जन्मतारीख. पत्ता. आईचं माहेरचं नाव,
ते टंकायला त्यांना चार मिनिटं लागतात,
आणि मध्येच, पडद्याकडेच बघत, सांगतात:
एकाहत्तरच्या थंडीत फेन्या कझाकॉफ आली होती,
एकटी, जव घेऊन.
चाळणीत एक टक्का पडला.
साहेब मागे उभा होता.
मी चार लिहिले.

तिने पावती बघितली, माझ्याकडे बघितलं,
घडी घालून हातमोज्यात ठेवली.
काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

इथे बटण आहे का परत पाठवायचं?
नाही, काका. हा नुसता अर्ज आहे.
ते हसतात, मग नाही हसत.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. तारा मागवल्या.
चौदा वाचले, सहा वाचले,
मी वहीत वीस लिहून खाली रेघ ओढली,
जरा ऐटीतच.

काल त्यांचा फोन.
कुरियरवाला दारात उभा राहिला म्हणे,
कर भरून घेतला, आणि वर
कर भरून दिल्याबद्दल स्वतःचे एकवीस.
अगं, हा तर काट्यावरचा माझाच जातभाई!
इतके हसले की खोकला लागला.

मग फोन वाद्याजवळ धरला.
एक तार वाजवली, परत वाजवली.
किंचित उतरलेली वाटली मला. तसं म्हटलं.
नवी आहे, म्हणाले, ताणली की सैल पडते,
पुन्हा ताणायची, पुन्हा पडते,
महिनाभर तरी असंच चालणार.
घाई करून उपयोग नसतो.

फोन ठेवायचं ते विसरले असावेत.
मी ऐकत राहिले,
किल्ली फिरल्याचा आवाज, मग तीच तार,
किल्ली, तार,
आणि मधेच त्यांचं स्वतःशी पुटपुटणं,
एक. चार नाही. एक.