शेवटचं रीळ

ती नको घेऊस, सेनाइत.
तिच्यात सबंध युद्धभर नायिकेची वेणी विस्कटत नाही
आणि तोफगोळे पडतात ते नेमके
दोघांचं बोलून झाल्यावर.
तोफगोळ्याखाली माणसाला आधी लघवी आठवते, पोरी.
प्रेम मागाहून, धूळ बसल्यावर,
कानातली शिटी थांबल्यावर.

त्यापेक्षा ती निळ्या खोक्यातली कॅसेट काढ.
कुठल्याशा बंदराच्या गावात एक टपालकारकून बाई
कैद्यांची पत्रं फोडून तपासत असते
आणि तपासता तपासता
एका अक्षराच्या प्रेमात पडते. माणसाच्या नाही, अक्षराच्या.
पावणेतीन तासांत कोणी कोणाला हात लावत नाही.
एका कपाचा कान तुटतो, बस्स.

आणि राजकारण हवं असेल तर भाषणांचा सिनेमा नको.
मंत्री छाती बडवतो तो मंत्र्याचा सिनेमा.
तिसऱ्या फळीवरचा बघ:
एका गावात पाव मिळत नाही, एवढंच घडतं.
रांगेत दोघं मागेपुढे उभे,
रांग सरकते तसे बोलू लागतात,
आणि पाव येतो त्या दिवशी रांगच मोडते.
तीनदा पाहिला. तिन्ही वेळा वाटलं,
पाव येऊ नये.

मला कोणी शिकवलं म्हणतेस?
मेब्राहतूनं. सहेलच्या डोंगरात, चौऱ्याऐंशी साली.
दिवसा विमानं, म्हणून सगळं रात्री:
स्वयंपाक, शाळा, लग्नं, सिनेमा.
खडकाच्या पोटात चादर ताणायची,
जनरेटरवर ओली पोती,
आणि आम्ही दोनशे जण, प्लास्टिकच्या सँडल काढून,
बंदुका मांडीवर.
सिनेमा एकच. होताच एक.
भाषा कुठली ते कोणालाच कळलं नाही,
शेवटचं रीळ बॉम्बहल्ल्यात जळालेलं.
ती कंदील घेऊन नदीवर येते,
पल्याड नाव हलते,
आणि पांढरी चादर.

मग मेब्राहतू उठून शेवट सांगायचा.
रोज वेगळा.
सोमवारी नाव बुडायची,
गुरुवारी दोघं म्हातारे होऊन कोंबड्या पाळायचे.
आमच्या तुकडीतले अकरा गेले त्या रात्री म्हणाला,
नदीच आटते.
तो चालत येतो.
पायांना घोट्यापर्यंत चिखल.
मी त्या पायांशी लग्न केलं असतं.
अर्जही दिला होता आम्ही, तेव्हा अर्ज द्यावा लागे.

आता? आता रस्ता ओलांड,
पोस्टामागे पिवळी इमारत, दुसरा मजला.
सिनेमे तपासतो.
आठवड्याला एक पेटी जाते माझी
आणि हलकी होऊन परत येते.
लोकांना वाटतं, चुंबनं कापतो.
चुंबनं ठेवतो तो.
शेवट कापतो.
लोक चौकात जमू लागतात,
कोणीतरी न विचारता दार उघडतं,
तिथून पुढे पांढरं.

एकदा शिक्का मारता मारता म्हणाला,
मान वर न करता,
‘लेतेब्रहान, नदी आटते म्हणालो होतो ना मी,
ते आता सुचत नाही मला.’
मी पावती घेतली.
सही वाचण्यासारखी नव्हती.

ते जाऊ दे. सावाला कधी निघायचं तुला? सोळाला?
किती वर्षांसाठी, ते विचारत नाही.
तो मुलगा त्याच बसमध्ये आहे म्हणालीस.
मग दोन्ही ने, पावाचा आणि पत्रांचा.
भाडं राहू दे.
पत्रांच्या शेवटाची अकरा मिनिटं नाहीत.
मी पाहिलीत, चोरून आलेल्या प्रतीत,
पण सांगणार नाही.
दिवा मालवून बघा दोघं.
पडदा पांढरा झाला की लगेच बंद करू नका,
बसा जरा त्या उजेडात.
एकमेकांचं तोंड दिसेल
इतपत असतो तो.