शिकाऊ

माझ्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या.
अठरा वर्षांत माझ्या बाजूचं रबर जास्त झिजलंय.

त्या पहाटे स्टिअरिंगवर भूदेवी गज्जम,
वय बावन्न, विड्या वळून पिवळी पडलेली बोटं.
क्लासचा पाचवा दिवस.
दुसऱ्या गिअरच्या पुढं आम्ही अजून गेलो नव्हतो.

एमआयडीसीतल्या बर्फाच्या कारखान्यात काहीतरी फुटलं.
आधी वास, डोळ्यांत कांदा पिळल्यासारखा.
मग भोंगा लावलेली रिक्षा:
घरं सोडा, होम मैदानावर चला,
मराठीत, तेलुगूत, घाईघाईत कन्नडमध्ये.

दहा मिनिटांत अक्कलकोट रोड गच्च.
टेम्पोत चादरींच्या गठ्ठ्यांवर माणसं
(गठ्ठे उतरवायचे नाहीत, मालकाचं सांगणं),
एका स्कूटीवर चौघं आणि शिलाई मशीनचं डोकं.
डिव्हायडरच्या फटीतून एक इनोव्हा पलीकडं गेली.
मग तिच्यामागं सगळे.
समोरून येणाऱ्याला रस्ता उरलाच नाही.

त्यातले कितीतरी माझेच.
हॉर्नवर कोपर टेकून बसलेला तो स्विफ्टवाला.
तोंडाला ओढणी बांधलेली ती,
रिव्हर्सला हुशार होती, आता कुणाचा तरी आरसा मोडून
मागं न बघता गेली.
सगळ्यांना मीच सांगितलेलं:
पुढच्या गाडीचं मागचं चाक दिसलं पाहिजे,
तेवढं अंतर.

भूदेवी तेवढं अंतर ठेवत होती.
त्यात रिक्षा घुसली.
तिनं पुन्हा ठेवलं.
बुलेट घुसली. मग उसाच्या रसाचा गाडा.
"घुसवा की! काय करूलालाव तुम्ही?" मी ओरडलो.
"चाक दिसंना, सर."

गाडी बंद पडली.
मागचा ट्रकवाला आईवरनं बोलला.
तिनं न्यूट्रल केलं, चावी फिरवली,
पाढे म्हटल्यासारखं तेलुगूत काहीतरी पुटपुटत
आरसा बघितला, इंडिकेटर दिला.
अख्ख्या रस्त्यावर तेवढा एकच लुकलुकत होता.

खोटं कशाला बोलू,
माझा पाय सारखा ॲक्सिलेटर शोधत होता.
माझ्या बाजूला तो नसतो.

लांब शांती चौकाकडून बंबाची घंटा ऐकू यायची,
जवळ येत नव्हती.
आम्ही त्याच्याच रस्त्यावर उभे, काचा वर करून,
कुठं मेला म्हणून त्यालाच शिव्या देत.
लुंगीतला एक पोरगा, कुठल्यातरी मागावरचा,
बोनेटवर थापा मारत आला.
भूदेवीच्या पुढची मोकळी जागा त्याला दिसली.
पलीकडचा एक टेम्पो त्यानं तिथं आत घेतला.
तिनं पुन्हा जागा केली. अजून एक घेतला.
त्यामुळंच बंब गेला, असं मी म्हणणार नाही.
गेला, खूप उशिरा,
आणि आमच्या काचेवर पाणी उडालं.

होम मैदानात तिनं हँडब्रेक ओढला,
हात पदराला पुसले.
"सर, ह्यो क्लास धरायचा का?"

मी कार्ड काढलं, पाचव्या चौकोनात सही केली.
गिअर: पहिला.
अंतर: साडेचार किलोमीटर.
वेळ: पावणेचार तास.