खिडकीतल्या बाटल्या

बिरकत अल मौझला, पोलीस चौकीच्या जरा अलीकडे
माझं गॅरेज. परकार, मूळचा चिपळूणचा, इथे सतरावं वर्ष.
चौकीतला शिपाई विचारतो, गाडी फोर बाय फोर आहे ना?
तिच्या पोटात काय भरलंय ते विचारत नाही.
ते माझ्या वाट्याला येतं.

गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं.
गिअरचं तेल साठ हजारांनी, ब्रेकचं दोन वर्षांनी.
पुस्तक खोटं नाही.
फक्त ते टेबलावर बसून लिहिलंय,
अशा टेबलावर, जिथून पेन्सिल घरंगळत नाही.
इथे सैक दोन हजार मीटर वर,
आणि मधला रस्ता असा की बकरीसुद्धा
पुढचा पाय उचलून थोडा विचार करते.

मी म्हणतो, पुस्तकाचं निम्मं धर.
खल्फान हसायचा. दिवसाला सत्तरच किलोमीटर होतात, परकार!
सत्तर, कबूल. त्यातले पस्तीस उताराचे.
कुंभार्लीच्या पायथ्याशी आमचे उस्ताद
विडी न काढता बोलायचे:
चढ इंजिन खातो, उतार माणूस.
मी त्यात एवढंच घातलं, की मधे
तो ब्रेकचं तेल खातो.

हे तेल पाणी पितं. चोरून.
झाकण घट्ट असलं तरी हवेतली ओल ओढून घेतं,
आणि विसाव्या वळणावर, चाकं तापली की
ते पाणी उकळतं.
तेल दबत नाही, म्हणून गाडी थांबते.
वाफ दबते.
तुमचा पाय वाफेवर असतो.

भाद्रपदात खल्फानचा पाय असाच तळाला गेला,
भिजलेल्या कणकेत जावा तसा.
डाळिंबाचे चाळीस खोके मागे.
बाजूला खडीची चढती वाट होती, तिच्यात घातली गाडी.
टो होऊन आली तेव्हा मागून लाल रस ठिबकत होता,
आणि मोतालेब आधी रेडिएटरच बघायला धावला.
खल्फान काही बोलला नाही.
एक न फुटलेलं डाळिंब टेबलावर ठेवलं.

त्याचं तेल मी काढलं. तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
जॅमच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं,
इतरांच्या शेजारी. प्रत्येकीवर चिठ्ठी: नाव, तारीख, आकडा.
ऊन आलं की खिडकी सरबताच्या दुकानासारखी दिसते.
लोक आकडा वाचत नाहीत, रंग बघतात.

चैत्रात त्याची खाला आली, झुवैना.
हातांना धूर आणि गुलाब, दोन्हींचा वास.
तिने एक बाटली उजेडाला धरली.
कुठल्या बागेतलं? विचारलं.
मी सांगितलं काय ते.
ती म्हणाली, माझं अर्क मडक्यात चाळीस दिवस ठेवलं की निवळतं.
तुझं वापरल्यावर गढूळ होतं, असंच ना?
नाही खाला, नुसतं ठेवलं तरी होतं.
ती बराच वेळ गप्प राहिली.
ठेवून बिघडणारी वस्तू
तिला फारशी माहीत नसावी.

मग भाच्याकडे वळली.
तारखा तुझ्या लक्षात राहत नाहीत, आकडे तर नाहीतच.
गुलाब खुडायला आम्ही बोलावलं, की त्याच आठवड्यात
हे बदलायचं. वर यायच्या आधी.
पुस्तकातली दोन वर्षं तिने एका वाक्यात
एकावर आणली.

आता वरच्या गाड्यांच्या चिठ्ठीवर
मी तारीख लिहीत नाही. लिहितो: गुलाब.
मोतालेबने विचारलं, आणि गिअरच्या तेलाला?
मी टेबलावरच्या वाळलेल्या सालीकडे पाहिलं.
लिही, डाळिंब.

तो हसत सीटवर चढला. मी चाकाखाली, हातात पाना, नळी बाटलीत.
दाब.
धर.
सोड.
अजून बुडबुडे येतायत.
दाब.