आधी डावीकडं

एकतीस वर्षं केएमटी हाकली,
गंगावेशीतनं गांधीनगर, गांधीनगरातनं गंगावेस.
रस्ता मी काचेतनंच बघितला.
चालणारी माणसं म्हणजे
हॉर्न वाजवला की बाजूला सरकणारं काहीतरी,
एवढीच माझी त्यांची ओळख.

आता वर्षाराणीनं पोलंडला बोलावलंय.
तिच्या घरापासून दुकान दीड मैल,
मधे नुसतं रान, फूटपाथ नाही.
म्हणून रोज रात्री फोनवर शिकवणी चालते.
पप्पा, इथं गाड्या उजव्या अंगानं पळतात,
तुम्ही डावी कड धरायची.
येणारी गाडी तोंडासमोर पाहिजे, पाठीला नको.
आणि आई नि तुम्ही जोडीनं चालायचं नाही,
एकामागं एक.

तसंच चालतोय की चाळीस वर्षं, मी म्हटलं,
मी पुढं, ती दहा पावलं मागं.
आतनं आवाज आला,
तिथं मी पुढं असणार.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं,
मग उजवीकडं, परत एकदा डावीकडं.
सांगायला सोपं आहे.
माझी मान म्हणजे गंजलेला बोल्ट,
आधी उजवीकडंच फिरते.

हिरवा माणूस लागेपर्यंत थांबायचं.
रस्ता मोकळा असला तरी?
मोकळा असला तरी.
रात्रीचे अकरा वाजले असले, कुत्रंसुद्धा नसलं तरी?
पप्पा.

मग पार्सलनं दोन पट्टे आले, चमकणारे,
अंधारात दंडाला बांधायचे.
बांधून कट्ट्यावर गेलो तर पोरं म्हणाली,
दौलूमामा, उसाची ट्रॉली झालासा की!
सगळे हसले.
मला सांगली फाटा आठवला,
बिनदिव्याची ट्रॉली अंधारातनं एकदम पुढ्यात,
मी ब्रेकवर उभा,
मागं चौदा पॅसेंजर आणि एक बारकं पोर.
पट्टा मी सोडला नाही, घरी येईपर्यंत.

पोलंड म्हटलं की मला बापच आठवतो.
त्याचा टांगा होता, वळिवड्याच्या छावणीवर,
लढाईत घरं सुटलेली ती माणसं तिथं राहायची तेव्हा.
बाप सांगायचा,
बघायची डावीकडं, नि टांगा यायचा उजवीकडनं.
एक पिवळ्या वेणीची पोरगी
घोड्याच्या नाकाखालीच आली.
बापानं उडी टाकली, बाही धरून मागं ओढली,
हनुवटी धरून तोंड उजवीकडं वळवलं,
इकडं बघ बाई, इकडं.
कुठल्या भाषेत सांगितलंस, मी विचारायचो.
घोड्याला कळती त्याच.
हसत सांगायचा,
पण दर वेळी त्याची मूठ आवळायची,
बाही अजून हातात असल्यासारखी.

काल सकाळी वळिवडे फाट्यावर गेलो,
एकटाच, सरावाला.
कडेला थांबलो.
दिवा नव्हता, मनातच पेटवला,
तांबड्याचा हिरवा होईस्तोवर वाट बघितली.
भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका
बघत होत्या, ह्याला काय झालंय.
डावीकडं बघितलं. सगळं मोकळं.
शाबास दौलू, म्हणून पाऊल टाकलं,

आणि बाही मागं ओढली गेली.
उजवीकडनं आलेली केएमटी
हॉर्न मारत, वारा अंगावर टाकत गेली,
माझाच रूट, माझीच वेळ, सात चाळीसची.
डोळं खिशात ठिवल्यात काय, म्हातारी म्हणाली,
कोथिंबिरीचा वास तिच्या हाताला.
ड्रायव्हरनं आरशात बघितलंसुद्धा नसणार.
मी तरी कधी बघितलं होतं?

बाहीची शिवण खांद्यापाशी उसवली.
हिनं संध्याकाळी टाके घातले,
पांढरा दोरा संपला होता, निळ्यानं.
शर्ट घडी करून ठेवून देत होती.
म्हटलं, तो बॅगेत घाल,
वरच राहू दे.