सात नंबरचा खिळा

रामबागेतल्या आमच्या प्रशिक्षण गृहात
भिंतीला बारा खिळे, खाली ऑइलपेंटने आकडे.
दिवेलागणीला आधी कातरी मोजायच्या, मग मुली.
हा क्रम कृष्णाताई टोकेकरांचा.
मुली चालत परत येतात, त्या म्हणायच्या म्हणे,
कातरी येत नाहीत.

यंदा मी जुनी नोंदवही उतरवून घेते आहे.
कसर लागलेली, पाठीला मांजरपाटाची पट्टी.
नाव. वय, बहुधा अंदाजे. कोणी आणून सोडले.
सोबत काय होते.
सोबत: लुगडे एक. सोबत: पितळी वाटी, चेपलेली.
सोबत: धाकटी बहीण. वय कमी, परत पाठवली.
इथे मी चहा करायला उठले.

मग गेंदी. वय अंदाजे अकरा.
बाप मालवा मिलमध्ये साच्यावर होता,
म्हणजे तेव्हा उरला नव्हता.
सोबत: काही नाही.
काजे-बटणे बरी. हिशेब कच्चा.
कातरीला कैंचीच म्हणते, दहादा सांगून.

दोन वर्षांनी त्याच ओळीत, वेगळ्या शाईने:
न सांगता गेली. सात नंबरची कातर नेली.
मंडळाचा ठराव: यापुढे दाराला बाहेरून कुलूप.
त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत, ताईंची नाही.
त्या महिन्याच्या पगारातून एक रुपया सहा आणे
वळते मात्र त्यांचेच.

दारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदार आहेत:
एक दिवाण, दोन शेठ, एका शेठची कैलासवासी पत्नी.
मनीऑर्डरचं कूपन इथे, पानांच्या बेचक्यात,
टाचणी गंजून कागदातच मुरलेली.
खांडव्याहून. तीन रुपये.
पाठवणाराच्या जागी: सिलाईवाली.
मजकुराच्या जागी, फताड्या अक्षरात:
कैंचीचे.

ताईंची लाल शाई या वहीत कुणाला सोडत नाही,
ठरावातले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारलेत त्यांनी.
या शब्दाला हात लावलेला नाही.
आणि रक्कम देणगीत जमा नाही.
विक्री, असं लिहिलंय. कातर एक, वापरलेली.
वरच्या रुपया दहा आण्यांचा दोरा घेतला, पांढरा.

सातव्या खिळ्याला नवी कातर कुणी टांगलीच नाही पुढे.
का, ते कुणाला माहीत नव्हतं; मलाही, परवापर्यंत.
काल एकीने तिथे मोबाइलचा चार्जर अडकवला.
राहू दिला.
संध्याकाळी मुली मोजत होत्या:
पाच, सहा, चार्जर, आठ.