वेडी

सिव्हिलच्या ओपीडीत आई म्हणाली,
"ह्यांना वेडी झालीय, डॉक्टर. आतून."
डॉक्टर नवा, नाशिककडचा. पेन थांबलं.
"कोण वेडी?"

मी मध्ये पडले. म्हटलं,
आमच्या तेलुगूत वेडी म्हणजे उष्णता.
तो हसला, कागदावर लिहिलं: ताप, रोज संध्याकाळी.
आई बाहेर येऊन माझ्यावरच चिडली.
ताप येतो नि जातो, म्हणाली.
वेडी मुक्कामाला येते.

नायनांचा खोकला आमच्याकडे
कुणी खोकल्यात धरलाच नव्हता.
पत्र्याखाली चार माग, सकाळपासून खडखडणारे,
पाचवा आवाज त्यांचा.
सूत नाकातून जातं, छातीत बसतं,
गूळ खाल्ला की खाली उतरतं,
हे मालकाच्या बापालाही ठाऊक होतं;
म्हणून शनिवारी पगाराबरोबर
पेपरच्या पुडीत गूळ.
पुडी संपली की नायना बरे होतात
असं मी तिसरीपर्यंत समजत होते.
पुढच्या शनिवारी परत पुडी का,
हे काही विचारलं नाही. गूळ मलाही मिळायचा.

आता मी लॅबमध्ये असते.
निळ्या काचेवर लाल काड्या शोधणं, एवढंच काम.
त्यांची काच बघू नकोस, म्हणाल्या होत्या मॅडम.
बघितली.
निळ्या जमिनीवर लाल, आखूड, सुटे धागे,
काही एकमेकांवर आडवे पडलेले.

रात्री नायनांनी विचारलं, काय दिसलं?
म्हटलं, निळ्यावर लाल.
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"सोलापुरात खपायचं नाही," म्हणाले,
"मालेगावला पाठव."

त्या आजाराचं नाव आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.
म्याकल काकूंना सांगितलं, वेडी.
मार्कंडेयाच्या देवळात सांगितलं, वेडी.
धाकटीला बघायला सिरसिल्ल्याहून आले, त्यांना:
धंद्याचा खोकला, तुमच्याकडेही असेलच.
त्यांनी माना डोलावल्या. होताच.

अमावास्येला मीठ, मोहरी, सात मिरच्या.
आणि गोळ्या विडीच्या सुपात,
दोऱ्याच्या रिळाला लागून,
कारण तिथे पाहुण्याचा हात जात नाही.
पंचविसाचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार;
छत्तीस वर्षांत तिची मोजणी
कारखान्यात कधी चुकली नव्हती.
सहा महिने. एक दिवस छाट नाही.

पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली.
नायना घाबरून मोरीतच उभे.
मी सांगणार होते, गोळ्यांचा रंग आहे तो,
तेवढ्यात आई ओरडली, "बघा, वेडी उतरतेय!"
आणि त्यांचे खांदे
किती दिवसांनी जरा खाली आले.
मी तोंड मिटलं.
हेच समजावून सांगायचा मला पगार मिळतो.
त्या दिवसाचा घेऊ नये असं वाटलं.
घेतला.

शेवटची काच निळीच निळी निघाली.
आई म्हणाली, मिरच्यांनी गेली.
मी म्हटलं, तुझ्या मोजणीनं.
"कसली मोजणी?" म्हणाली,
आणि पानाला कात्री लावली.

काल रात्री मला दोनदा ठसका लागला.
दोनदाच.
आई काही न बोलता उठली,
मिठाच्या डब्याकडे गेली.
मीही न सांगता पूर्वेला तोंड करून उभी राहिले.
मिरच्या तव्यावर काळ्या झाल्या,
घरभर कुणालाच खाट आली नाही.
आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

सकाळी पर्समध्ये लॅबची रिकामी डबी टाकली,
झाकण दोनदा फिरवून बघितलं.
"ती कशाला?" नायनांनी विचारलं.
म्हटलं, काही नाही,
वेडी आहे का, बघते.