सहा सेल

कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलंय :
लोको शेड, रेल्वे इन्स्टिट्यूट, अजनी, १६ मे ८७.
खाली, दुसऱ्या पेनानं : पुसू नये.

सुरुवातीला गाणं नाहीच.
आधी कूलर.
वाळ्याच्या ताट्या लावलेले पत्र्याचे तीन कूलर,
त्यांचा एक जाड, ओला, घोंगावणारा सूर
आणि त्यावर तार पिळत बसलेला खोब्रागडे.
त्यानं बास कूलरला जुळवला होता.
पेटी नव्हती जवळ,
आणि कूलर काही बंद होणार नव्हते.

मग खुर्च्या सरकतात. कोणी खोकतं.
‘सरक ना बे, काही दिसून नाही राह्यलं.’
नेल्सन चारदा काड्या आपटतो
आणि पहिली मात्रा पडते,
उभ्या डब्याला इंजिन लागताना
हातातल्या चहाला बसतो
तेवढाच धक्का.

फंक म्हणजे काय असतं रे, असं सायरेकाकांनी विचारलं होतं.
म्हटलं, काका, समेवर यायचं.
मधे काय करायचं ते करा,
उशीर करा, थट्टा करा, शेजाऱ्याच्या घरात डोकावून या,
पण समेला सगळे घरी.

याच गाण्यांची स्टुडिओतली कॅसेटही निघाली नंतर.
धुतलेली, इस्त्रीची,
प्रत्येक वाद्य आपापल्या खोलीत एकटं जेवायला बसलेलं.
आहे माझ्याकडे. वरचं प्लॅस्टिकही पुरतं काढलेलं नाही.

इथे दुसऱ्या गाण्यात कामठीचे दोघे उशिरा येतात,
वरात गड्डीगोदामला पोचवून,
लाल कोटातच, खांद्यावर सोनेरी झालरी.
शरीफभाई ट्रम्पेट तोंडाला लावतात
आणि अर्धी ओळ नवरदेवाची वाजून जाते.
लोक हसतात. ग्लेनिस टीचर हसते, माईकमध्येच,
आणि हसू संपायच्या आत पुढची ओळ उचलते.
ते हसू मी हजारदा ऐकलंय.
दर वेळी वाटतं, आज चुकणार ही.
चुकत नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर लाइन जाते.
गिटार जाते, बास जातो, टीचर एकदम लांब जाते,
आणि कूलर थांबतात.
तेव्हा कळतं, केवढं काय वाजत होतं इतका वेळ.
अंधारात उरतो नेल्सन, एक ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन
आणि तीनशे घामेजलेली माणसं टाळ्यांनी ठेका धरून.
सव्वाचार मिनिटं.
कोणी काडी ओढतं, तेही आहे.

सॉकेट कूलरनं अडवलं होतं,
म्हणून माझा टेप सहा सेलवर होता.
बर्डीवरून उधार आणलेले.

लाइन येते, तेव्हा पोट्टे ओरडतात,
जशी कोराडीहून त्यांनीच खांद्यावर आणली.

परवा एक मुलगा आला, ईशान दुरुगकर, कानांवर वाट्यांएवढे हेडफोन.
म्हणाला, काका, कूलर काढून देतो, खोकलापण. एकदम साफ.
म्हटलं, कूलर काढलास तर खोब्रागडे कशाला जुळवेल?
तो हसला. मग डोळे मिटून म्हणाला,
शेवटचं गाणं काय पळवलंय यांनी!
असं कोण वाजवतं आता?

मी बोललो नाही.
सेल उतरत होते.
माझ्या मांडीवर फीत हळूहळू मंदावत होती,
म्हणून आज लावली की सगळे धावत सुटतात,
टीचरचा आवाज एक पायरी वर, कोवळा,
टाळ्या घाईत.
आम्ही तसे नव्हतो.
खोब्रागडेच्या बोटाला फोड आला होता,
शरीफभाईंना त्याच रात्री दुसरी वरात होती,
आणि टीचर शेवटची कडवी
स्टुलावर बसून म्हणाली होती.

‘परत लावा ना,’ मुलगा म्हणाला.
लावली.
कूलरपासून.